क्लचवरचा माझा पाय

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. गाव त्यांना गंगाराम डायवर म्हणायचं. मालवण ते कुडाळ त्यांची भाड्याची गाडी चालायची. गाडी आमच्या लग्नाच्या आधीची, म्हणून मी तिला सवत म्हणायचे. सवतीला रोज सकाळी फडक्याने पुसतात आणि बायकोला चहा बरा झाला एवढंही म्हणत नाहीत, हे मी वीस वर्षं सोसलं.

अठ्ठावन्न साली यांचा डावा गुडघा धरला. क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी यांनी देवगडच्या भाई आंबेवाल्यांना गाडी द्यायचा शब्द दिला. भाई तिची मागची बाजू कापून आंब्याच्या पेट्या वाहणार होते. त्या दिवसापासून हे उभ्या गाडीत नुसते बसून राहायचे. सवत चालली म्हणून मी खरं तर गोडधोड करायला हवं होतं. पण मला यांच्याकडे बघवेना.

मीच देवबागहून बाबली मेस्त्रीला बोलावलं. बाबली होड्या बांधायचा, पण लोखंडातलंही त्याला कळायचं. तो गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि म्हणाला, "एक पाय गेलो तर दुसरो लावया."

"दुसरो पाय खंयसून आणू?" यांनी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

बाबलीने क्लचला आडवी लोखंडी कांब जोडून तिचं दुसरं टोक माझ्या बाजूला आणलं आणि त्यावर होडीच्या फळीचं रुंद पेडल बसवलं. गेरचा दांडाही खिळखिळा झाला होता, पेज ढवळायच्या डवलीसारखा कुठेही फिरायचा. तो काढून नवा लांब दांडा घातला, वर फणसाच्या लाकडाची मूठ.

देवळासमोरच्या मैदानात शिकवणी सुरू झाली. "दाब", "सोड", "दाब" असं हे ओरडायला लागले. मी उतरून चालत घरी आले. घरातले हुकूम काय कमी होते?

मग बाबलीनेच तोड काढली. "देवाच्या गाऱ्हाण्यात कसा, गावकार मागता आणि बाकीचे व्हय म्हणतत. तसा करा." ठरलं. यांचा हात मुठीवर गेला की मी पेडल दाबायचं. गेर पडला की यांनी "सोड रे म्हाराजा" म्हणायचं, आणि मी "व्हय म्हाराजा" म्हणत पाय उचलायचा. आठ दिवसांत तोंडाबरोबर पाय आपोआप उचलला जायला लागला.

पण भाईंना खबर लागली, आणि ते उलट खूशच झाले. नवा गेर, नवं पेडल, गाडी आणखी बरी झाली म्हणून शनिवारी न्यायला हजर. यांचा चेहरा पडला. दिलेला शब्द हे मोडणारे नव्हेत. नेण्याआधी गाऱ्हाणं घालू, असं भाईच म्हणाले.

गावाची गाऱ्हाणी घालणारे लवू गावकर नारळ घेऊन गाडीपुढे उभे राहिले. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फुटताच गाडी हलायला हवी म्हणून यांनी पहिला गेर टाकलेला, मी पेडल दाबलेलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान गाडयेक नवो पाय बसवलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

गाडीने उडी मारली. गावकर नारळासकट बॉनेटवर येऊन बसले. मी घाबरून पुन्हा पेडल दाबलं. गाडी संथ झाली, पण गावकरांना धीर कुठला?

"बा म्हाराजा, माका वाचव रे म्हाराजा!"

देवाचं नाव घेऊन कोणी काही मागितलं तर आम्ही गप्प बसत नाही. "व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

आता गाडी सरळ भाईंकडे निघाली. भाई धोतर सावरत पळाले ते कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढले. तेव्हा कुठे यांनी ब्रेक लावला. गावकर खाली उतरले, नारळ अजून हातातच होता.

"ही गाडी देवाचा आयकता," भाई गडग्यावरूनच म्हणाले. "माका माझा आयकणारी व्हयी. ऱ्हवांदे तुमका."

घरी येताना वाटेत म्हशी आडव्या आल्या म्हणून गाडी थांबली. मी यांना विचारलं, "ब्रेक तुमच्या बऱ्या पायाखाली होतो. लगेच कित्याक नाय दाबलात?"

"शब्द माका मोडूक येय नाय होतो," हे म्हणाले. "भाई खंयपर्यंत धावता ता बघी होतंय."

मला हसू आवरेना. थोड्या वेळाने फणसाच्या मुठीवरून हात फिरवत हे म्हणाले, "उद्या वालावलीक वऱ्हाड न्हेवचा आसा. येशीत मां?"

वीस वर्षांत यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. माझे डोळे भरून आले. पण म्हशी अजून समोर होत्या आणि माझा पाय पेडलवर होता, म्हणून मी तोंड घट्ट मिटून नुसती मान हलवली.