नाताळच्या फोटोमागचा हिरवा पडदा

मित्रांनो, फोटो पाहताना तुम्ही आधी चेहरे पाहता. चेहऱ्यांच्या मागे काय आहे, ते क्वचितच कुणी पाहते. मी तिथे असतो. मी नांदेडच्या एका घरातला हिरवा पडदा, आता बराच जुना झालेला.

माझे कापड वजिराबादच्या बाजारातून आले. विमलबाईंनी ते घरी आणून आधी पाण्यात बुडवले, वाळवले आणि मग आपल्या मशीनवर मला शिवले. त्यांचे यजमान अनंतराव तेव्हा रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होते. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारावर त्यांनी दांडी ठोकली आणि मला लावले. दांडी अशी पक्की की त्यांचा मुलगा आलोक मला धरून लोंबकळे, तरी ती हलत नसे. तो माझ्याआड लपे, आंब्याचे हात मला पुसे आणि आईचा धपाटा खाई.

वर्षातून एकदा मला मान मिळे. महालक्ष्म्यांच्या सणाला विमलबाई मला धुऊन इस्त्री करत आणि अनंतराव मला बैठकीच्या भिंतीवर ताणून बांधत. माझ्यापुढे महालक्ष्म्या उभ्या राहत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणत, "पडद्यानं काय शोभा आली बाई!" सण झाला की मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारावर.

आलोक मोठा झाला आणि नोकरीसाठी पुण्याला गेला. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. त्याने जालन्याच्या रूथ नावाच्या मुलीशी लग्न ठरवले होते. रूथ ख्रिस्ती होती. अनंतराव फोनवर फार मोठ्याने बोलले. "आमच्यासाठी तू संपलास," असेही म्हणाले. फोन ठेवल्यावर ते दारापाशी आले, मला मुठीत धरले आणि माझ्यात तोंड खुपसून उभे राहिले. मी ओला झालो. हे विमलबाईंना माहीत नाही. घरात कुणालाच माहीत नाही.

लग्न झाले. अनंतराव गेले नाहीत आणि त्यांनी विमलबाईंनाही जाऊ दिले नाही. पुढे आलोकला मुलगी झाली. तिचे नाव सृष्टी. विमलबाई नातीला मोबाईलवर पाहत, तेही स्वयंपाकघरात, मला ओढून घेऊन. पलीकडे अनंतराव वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत. पान मात्र उलटत नसे.

गेल्या डिसेंबरात विमलबाईंनी फोन लावला आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रूथ, औंदा नाताळाला इकडंच या. लेकराला घेऊन या. मी बोलावून राहिले."

अनंतराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

सुनेचा सण आपल्या घरी सुना जाऊ नये, असे विमलबाईंच्या मनाने घेतले. मोबाईलवर बघून बघून त्यांनी सगळ्यांच्या फोटोसाठी एक कोपरा सजवायचे ठरवले. मला दारावरून काढले. भोकरच्या बहिणीने वातींसाठी कापूस पाठवला होता. त्याचे लहान लहान पुंजके करून त्यांनी ते टाके घालून माझ्यावर बसवले. तो बर्फ. नांदेडात बर्फ पडताना कुणी पाहिला आहे? पण दिसत होता खरा. पुठ्ठ्याचा तारा कापून त्याला चंदेरी कागद लावला. नाताळचे झाड म्हणून अंगणातली मोरपंखीची कुंडी आत आणली आणि तिच्यावर दिवाळीतली लाइटची माळ सोडली. दिवाणावर लाल शाल अंथरली. इतक्या मायेने मला कुणी कधी सजवले नव्हते.

आलोक, रूथ आणि सृष्टी नाताळच्या आदल्या दिवशी आले. अनंतरावांनी "प्रवास बरा झाला का?" एवढे आलोकला विचारले आणि ते आपल्या खोलीत गेले. दुपारी आलोक बाजारात गेला असताना विमलबाई मला भिंतीवर लावायला निघाल्या. दरवर्षी हे काम अनंतराव करत. या वेळी ते उठले नाहीत. मग त्या स्वतःच स्टुलावर चढल्या, दोन खिळे ठोकले आणि दांडी बांधली. डाव्या खिळ्याखालून गिलावा भुरभुर पडला.

तेवढ्यात अनंतराव बाहेर आले. "काय करून राहिलीस?"

"दिसत न्हाई का? फोटोसाठी जागा करून राहिले."

"महालक्ष्म्यांचा पडदा हाय तो."

"महालक्ष्म्या तीन दिवस. बाकी वर्षभर तुम्ही त्यालाच हात पुसता."

"मस्करी करू नको, विमल. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू? त्या बाईचा सण माझ्या घरात..."

ते मध्येच थांबले. स्वयंपाकघराच्या दारात सृष्टीला कडेवर घेऊन रूथ उभी होती. त्या दारावर मी नव्हतो. मी असतो तर निदान तिला त्यांचा चेहरा दिसला नसता.

रूथ पुढे आली. "आई, राहू द्या. फोटो आपण अंगणात काढू." आणि एका हाताने ती माझ्यावरचा कापूस काढू लागली.

"हात लावू नकोस!" विमलबाईंनी तिचा हात बाजूला केला. "बसून बसून शिवलंय मी ते. सून पयल्यांदा घरी आली माझ्या. फोटो निघंल तर हितंच निघंल. ज्याला बसायचं त्यानं बसावं."

अनंतराव खोलीत गेले. दार लागले.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्यावर सगळे दिवाणावर बसले. आलोकने डब्यांवर डबे रचून मोबाईल उभा केला आणि खोलीचे दार वाजवले. "बाबा, चला ना."

"तुमचं चालू द्या."

आलोक मान खाली घालून परतला. रूथने सृष्टीचे कपाळ उगाचच पुसले. खोलीचे दार मात्र थोडे उघडे राहिले होते, आणि त्या फटीतून अनंतराव पाहत होते. मी समोरच होतो, म्हणून मला दिसले.

आलोक मोबाईलवर वेळ लावून पळत येऊन बसला. तो दिवाणावर आदळला, भिंतीला हादरा बसला आणि डावा खिळा निसटला. दांडी विमलबाईंच्या मांडीवरच्या सृष्टीवर झुकली. दार धाडकन उघडले. अनंतराव धावत आले आणि त्यांनी दिवाणाच्या कडेला उभे राहून दांडी वरच्या वर झेलली. माझा अर्धा भाग त्यांच्या अंगावर पडला आणि ते माझ्याआड झाकले गेले.

"बाबा, लागलं का?" पहिला प्रश्न रूथने विचारला.

"न्हाई. लेकराला?"

"नाही, नाही."

"मग काढा फोटो. मी धरलंय."

"सोडा ते, बाबा. तुम्ही पुढं या ना," रूथ म्हणाली.

मित्रांनो, त्यांचा श्वास माझ्यावर जोरजोरात आदळत होता.  आता येतील, असे मला वाटले. एक पाऊल उचललेही त्यांनी. पण ते म्हणाले, "राहू दे. सोडलं तर पडंल."

आलोकने पुन्हा वेळ लावली आणि फोटो निघाला.

संध्याकाळच्या गाडीने मंडळी गेली.  अनंतरावांनी विमलबाईंकडे मोबाईल मागितला. फोटोत विमलबाई होत्या, आलोक होता, रूथ होती. सृष्टी समोर पाहत नव्हती. ती मान वळवून दांडीवरच्या चार बोटांकडे पाहत होती. अनंतरावांची तेवढीच बोटे फोटोत आली होती.

"मी कुठंच न्हाई गं यात," ते म्हणाले.

"तुम्हीच न्हाई आलात. तिनं बोलावलं होतं."

"हाव," ते हळूच म्हणाले. "तिनं बोलावलं होतं."

त्यांनी मोबाईल परत दिला नाही. रूथचा नंबर कोणता, ते विचारले आणि लावला. पलीकडून गाडीच्या खडखडाटात आवाज आला, "हां, आई?"

 "आई न्हाई, बाळ," ते म्हणाले. "मी हाय." त्यांनी फोन तसाच कानाशी धरून ठेवला. रूथनेही फोन ठेवला नाही.

एका फोनने इतक्या वर्षांचे दुखणे भरून येत नाही, हे मला कळते. पुढे काय होईल, ते सांगता येत नाही. पण एक सांगतो. आम्हा पडद्यांना धुवा, उसवलो तर टाका घाला. आणि फोटो काढण्याआधी आमच्याआड कुणी राहिले आहे का, तेवढे बघा. तुम्हीच आमच्याआड उभे असाल आणि कुणी हाक मारली, तर मला खुशाल सोडून द्या. मी पडलो तरी चालेल. पडदा पुन्हा लावता येतो.