त्रेपन्न पायऱ्यांचे कागद

पुलाखाली उतरायला त्रेपन्न पायऱ्या. शेवटच्या सातांवर शेवाळ.

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये. मऊ पेन्सिल वापरावी. हात हलका ठेवावा. (रेकॉर्ड रूमच्या भिंतीवरची पाटी.)

दादाच्या घरी, टीव्हीच्या वर, काचेत : 'सलग सव्वीस वर्षे, एकही दिवस न चुकवता, नदीची पातळी नोंदवल्याबद्दल.' खाली बाबांचं नाव.

माझा शाळेतला पहिला फोटो. दोन वेण्या, एका बुटाची नाडी सुटलेली. मागे : २.३५, २.४०, २.४०, ३.१०.

वाचनालयात दोन टेबलांच्या मधोमध बादली.

एकेक करून सांगते. बादली शेवटी.

बाबा जलखात्यात होते. रोज सकाळी सहाला पुलाखाली उतरायचं, पाण्यातल्या खांबावरचा आकडा वाचायचा आणि खात्याला कळवायचा. पुलाखाली वारा असा की पातळ कागद हातात ठरत नाही. म्हणून घरातलं जे जाड सापडेल ते न्यायचं. पाकिटं, लग्नपत्रिका, फोटो. मागच्या बाजूला आकडा टिपायचा, घरी येऊन रजिस्टरात सुवाच्य अक्षरात उतरवायचा. फोटोंचा हा असा उपयोग करणारं दुसरं घर मी पाहिलेलं नाही.

रजिस्टरं ऑफिसात गेली. तिथे त्यांना वाळवी लागली. आणि आता, आई-बाबा दोघं गेल्यावर, खात्याला जाग आली. कच्चे आकडे फक्त आमच्या पेटीत उरलेत. त्यातलेही टिकले ते दोनशे सोळा कागद, त्यात एकाहत्तर फोटो.

"एसीत ठेवणार आहेत," दादा फोनवर म्हणाला. "शंभर वर्षं धक्का लागायचा नाही. बाबांच्या नावाचा संग्रह होतोय. फक्त सही करायला ये."

आकडे बाबांचे नव्हते. बाबांच्या डोळ्यांदेखत त्यांचा कामावरचा जोडीदार त्या शेवाळावरून घसरला आणि वाहून गेला. तेव्हापासून बाबा वरच्या पायरीपर्यंत यायचे आणि कठडा धरून उभे राहायचे. खाली आई जायची. आधी मला कडेवर घेऊन, मग माझं बोट धरून. बाबा वरून ओरडायचे, "किती?" आई खालून आकडा सांगायची, टिपायची, वर यायची. घरी बाबा रजिस्टर उघडायचे आणि सही करायचे.

*

(आईबाबांच्या लग्नाचा फोटो. मागे : २.६०, २.७५.)

"दोन-चार दिवस गेली असेल आई," दादा म्हणाला. "बाबांना ताप असेल तेव्हा."

"किती वर्षं ताप होता रे?"

"उगाच फाटे फोडू नकोस. तेव्हा तू पाळण्यात होतीस. तुला काय आठवणार?"

"तेव्हा म्हणजे कधी?"

दादा टीव्हीकडे बघू लागला. टीव्ही बंद होता.

वहिनी चहा घेऊन आल्या. "आईंनी कधी तक्रार केली का? नाही ना? मग तुम्ही कशाला उकरताय?"

तक्रार! तिच्या गुडघ्यांना विचारा, असं तोंडावर आलं होतं. पण त्या काचेवर माझी नजर गेली आणि चहा न पिता उठले. एकही दिवस न चुकवता. ते मात्र खरं होतं. तापातसुद्धा चुकला नव्हता तिचा दिवस.

*

(दादा, वय पाच, लाकडी घोड्यावर. मागे : ३.९०.)

खात्याच्या रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी सुती हातमोजे घातले होते. चष्मा दोरीला. फोटो एकेक करून पालथे मांडत होत्या.

"सरळ ठेवा ना," मी म्हटलं. "चेहरे खाली जातायत."

"आमच्यासाठी हीच सरळ बाजू."

फॉर्मवर रकाना होता, 'नोंद घेणारी व्यक्ती'. दादानं बाबांचं नाव आधीच भरून ठेवलेलं.

"इथे आईचं नाव हवं."

बाईंनी चष्मा काढला. "नेमलेल्या माणसाखेरीज कुणी घेतलेली नोंद अनधिकृत धरतात. अनधिकृत नोंद आम्हाला घेता येत नाही."

"म्हणजे आकडे खोटे?"

"छे हो. खालच्या पुलावरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतात. म्हणून तर हवेत."

मला हसू आलं. त्या खोलीत मोठ्यानं हसायचं नसतं म्हणे.

*

(कुणाच्या तरी बारशाची पंगत, फोटो अर्धा जळालेला. मागे : ४.४५. धोक्याची खूण साडेचार मीटरला.)

मी पेटी उचलली आणि कागद तिथे ठेवता येतील का ते पाहायला वाचनालयात गेले. ग्रंथपाल म्हातारे, खरं बोलणारे. "नाव म्हणाल त्या आकारात लिहितो, ताई. अख्खं कपाट आईंच्या नावाचं. पण कागद किती टिकतील ते मला विचारू नका." कपाटाच्या वर छतावर ओलीचा डाग पसरला होता. आणि ती बादली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात दोनदा टपकलं.

पेटी घेऊन परत घरी. रागानं कान तापलेले. एकीकडे तिचं नाव राहणार आणि कागद कुजणार. दुसरीकडे कागद राहणार, आणि शंभर वर्षं थंड हवेत बाबा पायऱ्या उतरत राहणार.

रेकॉर्ड रूमला फोन केला. "एकदा आत आलेल्या कागदावरचं लिहिलेलं पुसता येतं का?"

"मुळीच नाही. डागसुद्धा काढत नाही आम्ही."

मऊ पेन्सिली आणल्या, चार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन दिवस बसले. आई आकड्यातलं टिंब आडव्या रेघेसारखं ओढायची, बाबांचं टिंब गोल. गोल टिंबाचे एकोणीस कागद निघाले. ते बाबांचे, त्यांना हात लावला नाही. उरलेल्या एकशे सत्त्याण्णव कागदांवर, आकड्यांच्या खाली : 'वाचन', आणि पुढे आईचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. पहिली दोन टोकं मोडली. हात हलका ठेवावा.

*

(मी आणि आई, घराच्या दारात. आई डोळे मिटून. मागे : ५.२०.)

"हे काय करून ठेवलंस?" दादा रेकॉर्ड रूममध्ये ओरडला. "आता घेणार आहेत का ते?"

बाईंनी एक कागद उलटला. दुसरा. दहावा. मग फॉर्म पाहिला. "फॉर्मवर एकच नाव आहे. ऑफिस फॉर्म बघतं."

"आणि हे?"

"हे कागद काढून वाचणारे बघतील."

"अहो, मग पुसून टाका ना! पेन्सिलच तर आहे!"

"या खोलीत खोडरबर आणायला बंदी आहे, साहेब."

दादानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी माझी पाटी फोडल्यावर पाहायचा, तसं. मी सही केली. त्यानं माझ्या खाली केली, अशी दाबून की पुढच्या पानावर उमटली.

"झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं.

बाबा त्या पायऱ्या शेवटचे उतरले तेव्हा मी चार महिन्यांची, पाळण्यात होते; दादाला ते आठवत होतं.