टर्बो की बिनटर्बो

क्षितिजाला गाडी घ्यायची होती ती लाल, आणि तीही टर्बोची. लखनौजवळच्या चिनहटच्या कारखान्यात नोकरी लागल्यापासून दोन वर्षं ती बसनं ये-जा करत होती आणि फोनवर वेगवान सेडान गाड्यांचे व्हिडिओ बघत होती. म्हणूनच आलमबागच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात वडिलांना न्यायला ती नाखूष होती. मधुसूदन रामटेके पांढरी, मायलेजवाली, साधीसुधी गाडीच घे म्हणणार, याची तिला खात्री होती. पण ती निघाली तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयारच उभे होते.

दुकानदार अनुपनं दोन गाड्या पुढे काढून ठेवल्या होत्या. दोन्ही दीड लिटरच्या, चार सिलिंडरच्या. लाल टर्बोची, राखाडी बिनटर्बोची.

"अंकल, टर्बो मतलब समझिए एक पंखा," अनुप हात फिरवून मधुसूदनना शिकवू लागला.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पंखे के बेअरिंग तक तेल ठीक पहुँचता है? पहले वाले मालिक ने ऑइल कब-कब बदला?"

अनुप सर्व्हिसचे कागद शोधायला आत पळाला.

"बाबा, आपको टर्बो पता है?" लखनौतच वाढलेली क्षितिजा नेहमीप्रमाणे हिंदीतच, पण चकित होऊन म्हणाली.

"अगं, एकतीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये दुसरं काय केलं मी? टर्बोच खोलले आणि जोडले. सोळा सिलिंडरच्या इंजिनाचा टर्बो म्हणजे क्रेननं उचलायची वस्तू." बॉनेटखाली वाकून ते हरखले. "हा तर नारळाएवढा आहे!"

बाबा शेडमध्ये जातात, एवढंच तिला ठाऊक होतं. तिथे ते काय करतात, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

आधी लाल गाडी मधुसूदननी चालवायला घेतली. छावणीच्या शांत रस्त्यांवर ती आळसावल्यासारखी चालली. शहीद पथावर मोकळा रस्ता दिसताच त्यांनी पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग पाठीला असा रेटा बसला की बापलेक सीटमध्ये रुतले. मधुसूदन खदखदून हसले.

"इंजिनाच्या धुरानं आधी पंखा गरगरायला हवा. एकदा गरगरला की इंजिनात हवाच हवा!"

मग क्षितिजानं राखाडी गाडी चालवायला घेतली. हिला रेटा असा नव्हताच. पण पाय जेवढा दाबावा तेवढीच ती ओढायची, ना कमी ना जास्त. काटा वर चढत गेला तसा इंजिनाचा आवाज मोकळा होत गेला. परतताना आलमबागच्या गर्दीतही ती इशाऱ्यासरशी हलत होती.

"बाबा, मुझे ये वाली चाहिए."

मधुसूदनचा चेहरा उतरला. "अगं, ताकद लालमध्ये आहे. ओव्हरटेक करताना..."

"फैक्टरी तक ई-रिक्शा के पीछे ही तो जाना है! ये मेरी बात तुरंत सुनती है."

त्यांनी राखाडी गाडीचं बॉनेट उघडून आत पाहिलं. "हं. बिघडायलाही एक वस्तू कमी," ते म्हणाले आणि मनापासून हसले.

राखाडी गाडीचे कागद तयार होईपर्यंत ते अनुपजवळ गेले. "भैया, लेनी नहीं है, पर लाल वाली एक बार और चला लूँ?"

अनुपनं किल्ली दिली. क्षितिजा शेजारी जाऊन बसली. "अब बताओ, इतना बड़ा टर्बो खोलते कैसे थे?"

मधुसूदन सांगू लागले. सांगता सांगता परतीचं वळण मागे पडलं. तिनं ते पाहिलं, पण त्यांना टोकलं नाही.