शनिवारची वाफ

विहिरीच्या पाण्याला खरंच वास येतोय की आपल्यालाच भास होतोय, या काळजीनं पिरेटला आठवडाभर झोप नव्हती. मला ठाऊक आहे, कारण लाकडं रचताना ती माझ्यापाशीच पुटपुटत होती. मी भूर्जाच्या लाकडाचा डाव, पाणी ओतायची मोठी पळी, बोलतोय. तिच्या वाफघरात, तापल्या दगडांशेजारी, खिळ्याला टांगलेला असतो.

तिच्या आजोबांनी मला कोरलं, तेव्हा दगडातून तेल काढणारा कारखाना रानापलीकडे होता. आता त्याच्या राखेची टेकडी इथल्या खिडकीत येऊन बसलीये.

माझं काम सोपं. शनिवारी विहिरीचं पाणी दगडांवर ओतायचं. चर्रर झालं की माणसं 'अहाहा' म्हणतात आणि आठवडाभर गिळलेलं बोलून टाकतात. कपडे उतरल्यावर खोटं बोलणं जड जात असावं.

"ऐवार, पाण्याला डांबराचा वास येतोय रे."

"मिर्टेल पोटात असताना तुला पावालाही वास यायचा!" नवरा हसला. तो कारखान्याच्या सांडपाण्यावर कामाला. काळं पाणी तळ्यांत साठवायचं, जंतूंकडून साफ करवून घ्यायचं, मगच ओढ्यात सोडायचं. "मी सोडलेलं पाणी बदकं पितात, बाईसाहेब."

"बदकांना विचारलंस कधी?"

म्हणाली खरी, पण लगेच ओशाळली. नेहमीसारखं आपलंच काहीतरी, असं तिला वाटलं असणार.

थंड पाणी लबाड. वास पोटात ठेवतं. वाफेला ते जमत नाही.

तिनं मला काठोकाठ भरलं आणि दगडांवर उपडं केलं. चर्रर! डांबर, जळकं रबर, फिनेल.

ऐवार 'अहाहा' म्हणाला नाही.

"बर्फ वितळलं, तळी भरून वाहायला लागली," तो खाली बघत म्हणाला. "बांध गेला असता. काळं पाणी जुन्या खाणीच्या खड्ड्यात सोडलं. दोन दिवसांपुरतं, म्हणाले."

"कोण म्हणाले?"

"...मीही म्हणालो."

त्या खाणीचे बोगदे गावाखालून जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि लेकीची लापशी, चहा, सूप, सगळं याच विहिरीचं.

"माझं खरं ठरायला नको होतं रे," पिरेट एवढंच म्हणाली.

अजून तिच्याच हातात आहे मी. तो वास माझ्या रेषारेषांत मुरलाय, आता घासून जायचा नाही. मला खुशाल चुलीत घाला. पण आधी त्या विहिरीवर झाकण टाका, आणि खड्ड्याकडचं पाणी आजच्या आज थांबवा. गावात आणखीही विहिरी आहेत, आणखीही लापश्या शिजताहेत.

इतका वेळ वरच्या फळीवर बसलेली चार वर्षांची मिर्टेल नाक उंचावून खुदकन हसते.

"बाबांचा वास! आई, आपली विहीरपण कारखान्यात कामाला लागली?"