चार लाख ब्याऐंशी हजार पत्रं

सोमवारी सकाळी अकराला आईचा फोन आला. "मेल उघडत नाहीये," ती म्हणाली आणि गप्प झाली. आईला तक्रार करायची सवय नाही. ती अशी गप्प झाली की आपण उठून निघायचं असतं. मी ग्रंथालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर बाबांनी घराचा स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला होता. मागच्या छोट्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, लोखंडी स्टँडवर ठेवलेला एक काळा डबा. धाकटा भाऊ त्याला खोका म्हणतो. आम्हा चौघांचे पत्ते त्या खोक्यावर. आपली पत्रं दुसऱ्याच्या घरी कशाला ठेवायची, एवढंच बाबांचं म्हणणं होतं. पत्रं वाचायची ती ब्राउझरमध्ये, त्यांनीच बसवलेल्या पानावर नाव आणि पासवर्ड टाकून.

बाबांना जाऊन अकरा महिने झाले. खोका चालूच राहिला. त्याच्याकडे कुणाला बघावं लागलं नव्हतं.

आई पुस्तकांच्या सूची करते. शेवटच्या पानांवर असतात त्या, कोणता विषय कुठल्या पानावर ते सांगणाऱ्या. तीस वर्षं करते आहे. बाबा गेल्यावर तिने दोन पुस्तकं परत पाठवली. तिसरं, पुलांच्या इतिहासावरचं, चारशे बारा पानांचं, तिने का कोण जाणे ठेवून घेतलं. सहा आठवडे ती त्यात बुडालेली होती आणि मी फोन केला की घाईत ठेवून देत होती. मला त्या घाईचा फार आनंद होत असे.

"सूची आज चारपर्यंत द्यायचीय," मी पोचल्यावर ती म्हणाली. "नाही मिळाली तर पुस्तक सूचीशिवाय छापायला जाईल. संपादकबाई दोनदा बोलल्या."

"सूची आहे कुठे?"

"ड्राफ्टमध्ये."

"आणि दुसरी प्रत?"

"दुसरी कशाला? हेच म्हणाले होते, ड्राफ्टमध्ये लिहीत जा, आपोआप जपलं जातं."

चारशे बारा पानांच्या पुस्तकाची सूची एका न पाठवलेल्या पत्रात पडून होती, आणि ते पत्र उघडत नव्हतं.

"हे हुकलं ना," आई टेबलावरची प्रुफं सरळ करत म्हणाली, "तर मी पुन्हा यात हात घालणार नाही. सांगून ठेवते."

धाकटा दुसऱ्या गावी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"ताई, किती वेळा सांगितलं त्या खोक्याला आता रिटायर करा! माझ्याकडे सगळ्यांचे नवे पत्ते तयार आहेत."

"नव्या पत्त्यावर आईची सूची आहे का?"

"नाही."

"मग उपदेश नको, उपाय सांग."

"नक्की काय होतंय?"

आईने पासवर्ड टाकला. पान क्षणभर पांढरं झालं आणि पुन्हा तेच पान आलं, नाव आणि पासवर्ड मागणारं. चूक झाली असंही म्हणेना. मी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहिला, तर लगेच लाल अक्षरांत आलं: पासवर्ड चुकला.

"म्हणजे बरोबर कोणता ते त्याला कळतंय," मी म्हणाले. "ओळखतोय, पण आत घेत नाहीये."

"अरे वा," धाकटा म्हणाला. "ग्रंथपालबाईंना नोकरी देऊन टाकतो. आता खोक्याला स्क्रीन जोड आणि लॉग बघ."

खोक्याचा पासवर्ड बाबांनी मला सांगून ठेवला होता. इस्त्रीच्या टेबलावर स्क्रीन मांडली. धाकट्याने अक्षर अक्षर सांगितलं, मी टाइप केलं. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. तिच्यात तीच एक ओळ शेकडो वेळा होती. कुणी आत शिरताना एक छोटी फाइल तयार व्हावी लागते, ती होत नव्हती. कारण दिलं होतं: डिस्कवर जागा नाही.

"हात्तिच्या! डिस्क भरलीय," धाकटा म्हणाला. "किती भरलीय बघ."

पाहिली. एक्केचाळीस टक्के.

"काहीतरी चुकतंय तुझं. पुन्हा बघ."

पुन्हा एक्केचाळीस. अर्ध्याहून जास्त डिस्क रिकामी, आणि यंत्र म्हणतं जागा नाही. खोका बंद करून चालू केला. तेच. आणखी चार गोष्टी करून पाहिल्या. अडीच वाजले. धाकट्याच्या आवाजातली मस्करी हळूहळू आटली.

"उद्या मी येतो, डिस्क काढून नेतो," तो म्हणाला. "सूची मिळेल ताई, पण आज नाही."

"उद्या तिचा उपयोग काय?" आई म्हणाली. ती दारात उभी होती. "ह्यांच्या वेळी एकदाही असं झालं नाही. आणि करत काय होते? सकाळी चहा होईपर्यंत टकटक दहा मिनिटं. मला वाटायचं पेपर वाचतात. विचारलं तर म्हणायचे, केर काढतोय."

"केर कसला?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी म्हणायची, इकडे घरातही काढा जरा."

धाकटा हसला. मी हसले नाही. माझ्या डोक्यात आमच्या ग्रंथालयातला एक महिना आला होता. फडताळं अर्धी रिकामी होती, पण पुस्तकांवर चिकटवायच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या आणि नव्या छापून आल्या नव्हत्या. क्रमांकाशिवाय पुस्तक फळीवर जात नाही, म्हणून नवी पुस्तकं गठ्ठ्यांत जमिनीवर पडून राहिली.

"धाकट्या, डिस्कवर प्रत्येक फाइलला क्रमांक वगैरे असतो का?"

"असतो की. एक नोंद असते."

"त्या नोंदी संपू शकतात?"

"डिस्क तयार करतानाच किती ते ठरतं, पण लाखोंनी असतात गं. घरच्या यंत्रावर कोण संपवणार? त्याला फाइली लाखांनी लागतील, छोट्या छोट्या…" तो थांबला. "ताई, मी सांगतो ते टाइप कर."

उत्तर आलं: एकूण नोंदी पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. शिल्लक शून्य.

"सापडलं!" धाकटा एवढ्यांदा ओरडला की त्याच्या ऑफिसात मागून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

कुठल्या कप्प्यात किती फाइली आहेत ते यंत्राला मोजायला सांगितलं. जवळजवळ सगळ्या बाबांच्या पत्रपेटीत होत्या, 'नाडी' नावाच्या एका कप्प्यात. चार लाख ब्याऐंशी हजार पत्रं. मी शेवटचं उघडलं. शनिवारचं, दुपारी दोन सतराचं. आत एकच शब्द होता: पोचलं. त्याच्या आधीचं दोन सोळाचं. पोचलं. त्याच्या आधीचं दोन पंधराचं.

"दर मिनिटाला," धाकटा सावकाश म्हणाला. "खोका दर मिनिटाला बाबांना एक पत्र पाठवायचा. पोचलं म्हणजे सगळी व्यवस्था धडधाकट."

"आणि रोज सकाळी ते हाताने पुसायचे? यंत्राला पुसायला सांगता येत नव्हतं?"

"मी म्हणालो होतो एकदा. तर म्हणाले, यंत्रानेच मी बरा आहे म्हणायचं आणि यंत्रानेच ते वाचून फेकायचं, मग माणूस काय करणार?"

अकरा महिने कुणी केर काढला नव्हता, आणि खोका बाबांना कळवत राहिला होता.

"पुसायची ना?" मी आईला विचारलं. "सगळ्यांत तेच लिहिलंय. दुसरं काही नाही."

आई पुढे झाली, चष्मा वर ढकलून तिने स्क्रीन वाचली. "कुठलं बटण?" तिने विचारलं, आणि मी दाखवलेलं बटण दाबलं.

फाइलींचा आकडा उतरायला लागला. चार लाख. साडेतीन. आई खुर्ची ओढून बसली आणि मोठ्याने आकडे वाचू लागली, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तशी. धाकट्याने दर मिनिटाच्या पत्राचा नियम बदलायची ओळ सांगितली. पत्र बंदच करून टाकू म्हणत होता, आई म्हणाली, "दिवसाला एक ठेव. एवढा केर मी काढीन." तीन वाजून चोवीस मिनिटांनी कप्पा रिकामा झाला.

आईने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पान पांढरं झालं. आणि उघडलं.

"आलं!" आई म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा झालेला मी वर्षभरात ऐकला नव्हता. ड्राफ्टमध्ये सूची होती, 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत, जशीच्या तशी. दोन दिवस बाहेर ताटकळलेली पत्रंही एकेक करून आत यायला लागली.

"पाठव, पाठव," धाकटा फोनवरून म्हणत होता.

"थांब रे. झुलते पूल दोनशे एकोणचाळीसवर आहेत, मी दोनशे एकोणतीस लिहिलंय."

"आई, साडेतीन वाजून गेले!"

"मग काय चुकीचं पाठवू? तुझं ऑफिस नाही हे." तिने प्रुफं उलटली, आकडा बदलला, आणखी दोन जागा तपासल्या. तीन बेचाळीसला सूची गेली. दहा मिनिटांत संपादकबाईंचा फोन आला.

"मिळाली," त्या म्हणाल्या. "मी तर आशाच सोडली होती हो."

"आमचा सर्व्हर अडला होता," आई म्हणाली. "आम्ही दुरुस्त केला."

"घरच्या घरी?"

"मग! घरचाच आहे." आईने खुर्ची फिरवून पाठ टेकली आणि पेन हातात घेतलं. "ते राहू द्या. पुढचं पुस्तक किती पानांचं आहे, ते सांगा."