ल्युंगमोरात रस्ता लांबतो

ल्युंगमोरात घर रिकामं झालं की रस्ता लांबतो. माणसं गेली, खिडकीतला दिवा विझला, की त्या घरासमोरचा रस्ता ताणला जातो, कडेला नवी झाडं उभी राहतात आणि पलीकडचं सगळं तेवढं दूर सरकतं. स्वीडनच्या जंगलातला हा एवढासा तालुका. नुसती तळी, सुईसारखी पानं गाळणारी उंच झाडं आणि मधूनमधून एखादं तांबडं लाकडी घर. लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा चर्च लांब गेलं. शाळा बंद झाली तेव्हा दुकान दिसेनासं झालं. कुणी तोंडातून ब्र काढला नाही. इथल्या माणसाचा पाय मोडला तर तो आधी त्रास दिल्याबद्दल माफी मागेल आणि मग डॉक्टरला बोलावेल.

स्वेयाचा नवरा हेल्गे तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात होता. तो फक्त तिच्या हातून जेवायचा. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायचा. म्हणून ती रोज सूपचा थर्मास बांधून, पायाने रेटायची घसरगाडी घेऊन बर्फावरून निघायची. अंतर अजून तिच्या म्हाताऱ्या पायांना झेपत होतं, कारण वाटेत एक दिवा शिल्लक होता. शेजारच्या सिवेर्टचा.

एका सकाळी सिवेर्ट कॉफीला आला. बूट दाराशी काढून मोज्यांवर आत येऊन बसला.

"मुलगा म्हणतोय, दक्षिणेत राहायला ये."

"बरं होईल. तिकडे बर्फ कमी."

"तुझी काही अडचण नाही ना व्हायची?"

"माझी कसली अडचण? तू खुशाल जा."

सिवेर्ट कपातली कॉफी उगाच ढवळत राहिला. त्याला 'राहा' एवढंच ऐकायचं होतं, आणि तो शब्द स्वेयाच्या अगदी ओठांवर आला होता. पण भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच? बशीत शेवटचं बिस्किट उरलं होतं. शेवटचं बिस्किट इथे कुणी उचलत नाही, न जाणो दुसऱ्याला हवं असेल. दोघांनी बशी एकमेकांकडे सरकवली. मग सिवेर्टने बूट घातले आणि तो गेला.

सिवेर्ट दक्षिणेला गेला त्या दुपारी ती निघाली तेव्हा त्याच्या खिडकीत अंधार होता. घसरगाडीखालचा रस्ता लाटलेल्या पोळीसारखा पसरत चालला. ती जोर लावून रेटत होती, पण सिवेर्टची टपालपेटी काही मागे पडेना. थर्मास गार पडत होता. स्वेयाला स्वतःचा भयंकर राग आला. एक शब्द, मेले, एक शब्द तुला जड झाला? ती रडत रडत रेटत राहिली.

इथे हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं. तळ्याच्या काठाशी पोचली तेव्हा पलीकडे आश्रमाची एकच खिडकी उजळलेली होती. दिव्याशेजारी हेल्गे बसला होता, बोटाएवढा.

"हेल्गे! आलेच मी!"

गोठलेल्या तळ्यावरून आवाज लांब जातो. हेल्गेने खिडकी उघडली आणि कपाळावर आडवा हात धरून पाहिलं. बर्फात वाकलेली ती त्याला दिसली असावी.

"स्वेया, किती दमलीस गं. या थंडीत माझ्यासाठी कशाला त्रास घेतेस?"

"छे रे! मला कसला त्रास?"

तिच्या तोंडून ते सवयीनेच गेलं. हेल्गेने तिच्याबरोबर सगळा जन्म काढला होता. या वाक्याचा खरा, उलटा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता.

"घरी जा, राणी," तो मायेने म्हणाला, आणि तिला परत फिरणं सोपं जावं म्हणून त्याने त्या उरलेल्या एकुलत्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला.