डावीकडे वळणारा बैल

आज दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मला माळ्यावरून खाली उतरवण्यात आले. उतरवणारा कवडू टांगेवाला. माझा उजवा कान उंदरांनी खाल्लेला निघाला आणि सुताची शेपटी नाहीशी झालेली. बाकी अंग शाबूत आहे.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बैल आहे. उंची दीड वीत, लाकूड शिवणीचे, रंग मूळचा पांढरा. मी एका पाटावर उभा आहे आणि पाटाला चार चाके आहेत. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मोठा पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा आमचा. मुले आम्हाला सजवतात, दोरीने ओढत तोरणाखाली नेतात. पूजा झाली की तोरण तोडतात, म्हणजे पोळा फुटतो, आणि मग आम्ही घरोघर फिरतो. दारात आलेल्या बैलाला ओवाळायचे आणि बोजारा द्यायचा, असा रिवाज आहे. बोजारा म्हणजे चणे, गूळ, खोबरे, घरात असेल ते. बैलाला रिकामे परत पाठवत नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे त्यातून घडले.

मला घडवले इतवारीतल्या नत्थूजी सुतारांनी, एकोणीसशे एकोणतीस साली. सणाला तीन आठवडे होते. माझी तीन चाके एका फळीतून निघाली आणि फळी संपली. चौथे चाक नत्थूजींनी दुसऱ्या तुकड्यातून काढले. ते दोन बोटे लहान झाले. पुढच्या डाव्या बाजूला ते बसवले तेव्हा मला घ्यायला आलेले गृहस्थ चष्मा सावरून म्हणाले, "हे लहान वाटतंय."

"चालते हो साहेब," नत्थूजी म्हणाले. "बैल काय शर्यतीले धाडता?"

ते गृहस्थ म्हणजे जंगल खात्यातले कारकून मनोहरराव. त्यांची सारखी बदली होत असे आणि प्रत्येक बदलीनंतर ते आपल्या मुलीसाठी काहीतरी आणत. मंडल्याला पोपट आणला, तो उडून गेला. शिवनीला लोकरी टोपी आणली, वैशाखात. नागपूर हे त्यांचे पाचवे गाव, आणि इथे त्यांनी मला आणले.

मुलीचे नाव गोपिका. वय नऊ. तिला कोणी मैत्रीण नव्हती आणि मित्रही नव्हता. असा तिचा नियमच होता. पहिल्याच संध्याकाळी तिने तो मला सांगितला, कारण सांगायला दुसरे कोणी नव्हते.

"मी कोणाचं नाव विचारत नाही," ती म्हणाली. "नाव कळलं की ते माणूस लक्षात राहतं. मग बाबांची बदली होते. तुलासुद्धा मी नाव देणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी लाकडाचा असल्यामुळे वाटून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास तिने मला शुक्रवारीतल्या गल्लीत काढले. सरळ जायचा तिचा बेत होता. पण ज्या बैलाचे डावे चाक लहान, तो डावीकडेच जाणार. वीस पावलांत मी वळलो आणि एका ओट्याला नाक टेकून थांबलो. ओट्यावर रंभाबाई बसल्या होत्या. या लुगडी विणणाऱ्या बाई, वय साठ, आवाज मोठा. त्यांनी मला पाहिले आणि आत पाहून ओरडल्या, "माय वं! तान्हा पोळा आला काय? मले कोनी सांगितलंच नाई!"

"नाही, अजून वीस दिवस आहेत," गोपिका म्हणाली. "हा चुकून आला. मी नेते."

"थांब वं पोरी. बैल दारात आला त रिकामा धाडत नसते."

त्यांनी पितळी ताटात दिवा लावून मला ओवाळले आणि गोपिकेच्या ओच्यात मूठभर चणे अन् गुळाचा खडा टाकला. मंडला, शिवनीकडे हा रिवाज गोपिकेने कधी पाहिला नव्हता. तिला भिकाऱ्यासारखे वाटले. तिने मला फिरवले आणि घराकडे ओढले. आता मित्रांनो, विचार करा. जाताना जी डावी बाजू, ती येताना उजवी होते. मी पुन्हा डावीकडे वळलो आणि समोरच्या बाजूला, कवडू टांगेवाल्याच्या अंगणात शिरलो. तो घोड्याला खरारा करून राहिला होता.

"काहून वं," कवडू म्हणाला, "तुहा बैल दारू पिऊन आला काय?"

गोपिकेच्या डोळ्यांत पाणी आले. कवडू घाबरला. त्याने घोड्याच्या पट्ट्यातली एक घंटी काढली आणि माझ्या गळ्यात बांधली. "रडू नको. हा घे बोजारा. मह्याकडे चणे नाईत, घोडा खाते."

घरी आल्यावर गोपिकेच्या आत्याने विचारले, "हे कोणी दिलं?"

"ठाऊक नाही. नाव विचारलं नाही."

"मग परत करून ये. अनोळखी माणसाचं ठेवू नये."

म्हणून दुसऱ्या दिवशी गोपिका चणे, गूळ आणि घंटी परत करायला निघाली, आणि चूक अशी केली की मला बरोबर घेतले. रंभाबाईंनी चण्यांकडे पाहून कपाळावर हात मारला. "बोजारा कोनी वापस करते काय? अपशकून!" आणि बैल पुन्हा दारात आला म्हणून पुन्हा ओवाळले, पुन्हा चणे दिले. परतताना कवडूने दुसरी घंटी बांधली. असे तिसऱ्या दिवशी झाले, चौथ्या दिवशीही झाले. ती जितके परत करायला जाई, तितके जास्त घेऊन येई. पाचव्या दिवशी आत्या म्हणाली, "आता घरात चणे ठेवायला डबा नाही. तू परत करणं बंद कर." पण तोवर गोपिकेला जायची सवय लागली होती.

रंभाबाई आणि कवडू समोरासमोर राहत, पण अकरा वर्षे एकमेकांशी बोलले नव्हते. हे ऐकीव आहे, मी तेव्हा झाड होतो. रंभाबाईंनी लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीत खुंट्यांवर ताणला होता आणि धाग्यांना भाताची खळ लावली होती. कवडूचा घोडा सुटला. त्याने एका टोकापासून खळ चाटायला सुरुवात केली आणि चाटता चाटता ताणा तोडला. ते लुगडे एका लग्नाचे होते. तेव्हापासून अबोला.

आता त्यांना निरोप्या मिळाला.

"त्या घोडेवाल्याले सांग," रंभाबाई म्हणत, "घंट्यांच्या आवाजानं मही झोपमोड होते."

"त्या बुढीले सांग," कवडू म्हणे, "दुपारी झोपत नसते."

गोपिका दोन्ही निरोप पोचवी, शब्द न गाळता. रंभाबाईंनी लुगड्याच्या काठाचा तुकडा जोडून माझ्यासाठी लाल झूल शिवली. कवडूने ती पाहिली आणि म्हणाला, "काम बारीक आहे. पन हे तिले सांगू नको." गोपिकेने लगेच जाऊन सांगितले. त्या दिवशी चणे दुप्पट होते.

तरीही तिने कोणाचे नाव विचारले नव्हते. एक बुढी आणि दुसरा घोडेवाला, एवढेच. मला नाव कवडूने दिले. डावीकडे वळतो म्हणून 'डावऱ्या'. गोपिका त्या नावाने मला हाक मारत नसे.

सणाच्या आदल्या दिवशी मनोहरराव कचेरीतून आले आणि म्हणाले की बदलीची यादी तयार होते आहे. नाव आहे की नाही ते कळले नव्हते. गोपिका माझी झूल काढू लागली.

"उद्या मी जाणार नाही," ती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी चार वाजता दारात कवडू टांगा घेऊन उभा होता. "डावऱ्याले टांग्यातून नेतो," तो म्हणाला. "पायी नेला त तोरणाखाली पोचतच नाई, अर्ध्या गावाचा बोजारा जमवते."

गोपिका हसली. मी तिला हसताना पाहिले ते पहिल्यांदा. झूल परत माझ्या पाठीवर आली.

मारुतीच्या देवळासमोर तोरण होते आणि शंभरेक बैल होते. सर्वांत मोठा बैल धान्याच्या व्यापाऱ्याचा, शिंगांना चांदीचा पत्रा, उंची माणसाच्या कमरेइतकी. त्याला दोन नोकर ओढत होते. ज्याचा तो बैल, तो दहा वर्षांचा ताराचंद जरीची टोपी घालून बाजूला उभा होता. मळेल म्हणून त्याला दोरीला हात लावू देत नव्हते.

"ए पोट्टी," तो गोपिकेला म्हणाला, "तुझ्या बैलाचा एक पाय आखूड आहे."

"पाय नाही, चाक."

"मग तो चालतो की लंगडतो?"

"तू तरी कुठे ओढतोयस?" गोपिका म्हणाली. ताराचंदने नोकरांच्या हातातल्या दोरीकडे पाहिले.

तोरण तुटले. पोळा फुटला. शंभर बैल सरळ सुटले आणि मी डावीकडे वळलो. माझ्या दोरीने पहिल्या बैलाची दोरी धरली, त्याने दुसऱ्याची, आणि चौथी दोरी चांदीच्या शिंगांत गुंतली. मोठा बैल हलला, कलला आणि आडवा पडला. उजवे शिंग तुटून देवळाच्या पायरीपर्यंत गेले.

गोपिकेच्या मागे वाट मोकळी होती. तिने तिकडे पाहिलेही. उद्या-परवा गाव सुटणार, तर आजच पळाले तर काय बिघडते? तेवढ्यात गर्दीतून दोन माणसे दोन बाजूंनी धावत आली.

"तुह्या घंट्यांनंच दोरी अडकली!" रंभाबाई ओरडल्या.

"तुह्या झुलीचा गोंडा गुंतला, घंटी नाई!" कवडू ओरडला.

"महा गोंडा? अकरा वर्षं झाली, तुले अजून धागा अन् दोरा समजत नाई!"

"अन् तुले अजून लगाम समजत नाई, रंभाबाई!"

मग दोघे एकदम थांबले. आपण एकमेकांशी बोलतो आहोत, हे दोघांच्या एकाच वेळी ध्यानात आले. लोक हसू लागले. ताराचंद मात्र तुटलेले शिंग हातात घेऊन रडत होता आणि नोकर त्याच्यापेक्षा जास्त घाबरले होते.

गोपिका त्याच्याजवळ गेली. मी दोरीने तिच्या हातात होतो, म्हणून मीही गेलो.

"तुझं नाव काय?" तिने विचारले.

मित्रांनो, हे तीन शब्द आहेत. मी त्यांची वीस दिवस वाट पाहिली होती.

"ताराचंद," तो हुंदका देत म्हणाला.

"मी गोपिका. हा डावऱ्या. या रंभाबाई आणि हे कवडूकाका." म्हणजे नावे तिला ठाऊक होती. कोणालाही न विचारता तिने ती ऐकून ठेवली होती.

शिंग रंभाबाईंच्या घरी जोडले. खळीने चिकटवले आणि वरून ताण्याच्या सुताने गुंडाळले. खळीचे भांडे कवडूने धरले. घोडा दूर बांधला होता. शिंग वाळेपर्यंत ताराचंदने मला ओढले. तो पहिल्यांदाच बैल ओढत होता. मी त्याला नऊ घरांत नेले, सगळी डाव्या हाताची.

बदलीच्या यादीत त्या वेळी मनोहररावांचे नाव नव्हते. फाल्गुनात मात्र आले. जाण्याच्या दिवशी सामान बांधताना मनोहरराव म्हणाले, "डावऱ्याचं चाक नत्थूजींकडून नीट करून घेऊ, मग पेटीत भरू." गोपिकेने चाकावर हात ठेवला. तिने मला उचलले आणि रंभाबाईंकडे आणून दिले.

"बोजारा परत करत नाहीत ना?" तिने विचारले.

"नाई वं."

"मग हा तुमच्याकडे राहू दे. मी न्यायला येईन."

त्यानंतरची सतरा वर्षे बहुतेक माळ्यावर गेली. दर पोळ्याआधी गोपिकेचे पोस्टकार्ड येई. ते ताराचंद वाचून दाखवी, आणि ताराचंद किंवा कवडू मला खाली काढून गल्लीत फिरवी. लढाईच्या मध्यावर कार्डे थांबली. गेली चार वर्षे मला कोणी उतरवले नाही. कान त्याच काळात गेला. मी कोणाला दोष देत नाही. रंभाबाईंना आता कमी दिसते आणि शिडी चढवत नाही.

परवा कार्ड आले. ताराचंदने दुकान अर्धवट सोडून येऊन ते मोठ्याने वाचले. गोपिकेचे यजमान रेल्वेत आहेत, त्यांचीही बदली होत राहते. ती आज इटारसीच्या गाडीने येते आहे. बरोबर तिची सात वर्षांची मुलगी शामला आहे. कार्डाचा शेवट मी जसाच्या तसा सांगतो: "शामला कोणाशी बोलत नाही. डावऱ्याला काढून ठेवा. चाक बदललं असेल तर मला आधी कळवा, म्हणजे येणार नाही."

चाक कोणी बदललेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर काही जुने पडलेले असेल. वर्षातून एकदा त्याला खाली आणा, फडक्याने पुसा, तेलाचे बोट लावा. उंदरांवर लक्ष ठेवा. आणि ते वाकडे चालत असेल, तर सरळ करण्याआधी ते कुठे नेते ते एकदा पाहून घ्या.

कवडू तीन वाजता टांगा घेऊन स्टेशनला गेला. ताराचंदने मला पुसून गल्लीच्या तोंडाशी उभे केले आहे, शामलाच्या हातासाठी माझी दोरी मोकळी सोडली आहे. रंभाबाई ओट्यावर बसल्या आहेत. ताटात दिवा आहे, चणे आहेत, गूळ आहे. त्या दर थोड्या वेळाने ताराचंदला विचारतात, "टांग्याची घंटी वाजली काय गा?"

आता चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. टांगा अजून आलेला नाही.